उशिरा वर आलेले पेडल

१

"सदर वाहनाची तपासणी केली असता ते यांत्रिकदृष्ट्या निर्दोष आढळले. क्लचचे पेडल किंचित जड असले तरी वापरलेल्या वाहनास ते साजेसेच आहे. चालक महिलेच्या डाव्या गुडघ्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असून त्या पायात क्लच सांभाळण्याइतकी शक्ती उरलेली नाही. सबब अपघातास चालक सर्वस्वी जबाबदार आहे."

अहवाल चार वाक्यांचा आहे आणि त्यातले प्रत्येक वाक्य शेजारच्याचा गळा धरते. पहिले वाहनाला निर्दोष ठरवते. दुसरे त्याच वाहनातला दोष कबूल करून त्याला वयाची सवलत देते. ही सवलत चालक महिलेला मिळालेली नाही. तिसऱ्यात मोटारींचा निरीक्षक गुडघ्याचे निदान करतो, तेही गुडघा न पाहता, कारण तपासणीच्या दिवशी ती बाई तिथे हजरच नव्हती. चौथे 'सबब' या शब्दाने सुरू होते. कार्यालयीन लिखाणात हा शब्द पुराव्याच्या जागी बसवतात. जिथे पुरावा असतो तिथे त्याची फारशी गरज पडत नाही. तर्कशास्त्राच्या जुन्या पोथ्यांनी हेत्वाभासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. एवढ्याशा जागेत त्यातले तीन बसवणे हे कसब होते, आणि ते वाया जाऊ नये म्हणून खाली गोल शिक्का मारला होता.

ज्या बाईविषयी हे लिहिले गेले ती घरोघर जाऊन मलमपट्टी करणारी परिचारिका. वय त्रेचाळीस. तीन आठवड्यांपूर्वी आरोग्यकेंद्राच्या फाटकात तिच्या सेकंडहँड गाडीने अचानक उडी घेतली आणि रखवालदाराची नडगी फाटकाच्या खांबाशी चेंगरून मोडली. शुक्रवारी अकरा वाजता समिती बसणार होती. समितीने अहवाल मान्य केला की परवाना रद्द. परवाना रद्द झाला की चार तासांच्या अंतरावरच्या केंद्रातली मुख्य परिचारिकेची जागा रद्द. आणि त्या जागेबरोबर मिळणाऱ्या दोन खोल्याही गेल्या. त्या दोन खोल्या तिने अजून पाहिल्या नव्हत्या. त्रेचाळीस वर्षांत स्वतःच्या म्हणाव्यात अशा तेवढ्याच.

सोमवारी ती बसने आणि पुढे पायी चालत एका जुन्या रुग्णाकडे पट्टी बदलायला गेली. हा रुग्ण म्हणजे तंत्रशाळेत चौतीस वर्षे यंत्ररेखाटन शिकवून निवृत्त झालेल्या बाई. विद्यार्थी त्यांना मागून फूटपट्टी म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होते. त्यांच्या पायावरची जखम दोन वर्षे भरत नव्हती.

"बाई, ही शेवटची पट्टी. शुक्रवारनंतर मला धुलाईखात्यात चादरी मोजायला बसवणार आहेत."

"अहवालावर सही केलीस?"

"अजून नाही. बाबा म्हणतात, मान्य करून मोकळी हो. रखवालदार मामांचा पाय मोडला तो मोडलाच ना."

"मामांचा मोडला हे खरं. तुझा मोडका आहे हे कुणी ठरवलं?"

परिचारिकेने कात्रीने पट्टी कापली.

"त्या क्षणी काय झालं ते सांग," बाई म्हणाल्या. "काय वाटलं ते नको. काय हललं तेवढं सांग."

"पहिला गिअर होता. फाटकात वळण आहे, म्हणून चाक वळवलेलं. मामांनी दांडा वर केला, बाजूला झाले, या म्हणाले. मी क्लच सोडायला पाय उचलला. पाय वर आला." ती थांबली. "पेडल नाही आलं. मी खाली बघितलं. मग ते खाटकन वर आलं आणि गाडी उडाली."

"परत सांग. आधी पाय, मग पेडल?"

"हो. निरीक्षकांना सांगायला गेले तर म्हणाले, घाबरलं की माणसाला असं वाटतं."

बाईंनी पाय तिच्या हातातून काढून घेतला. पट्टी अर्धीच झाली होती.

"अशक्त पायाखालचं पेडल लवकर वर येतं, पोरी. ते पायालाच ढकलत वर येतं. तुझं उशिरा आलं. दाबताना जड आणि सोडताना अडणारं, हे कुठेतरी घासतंय याचं लक्षण आहे. पायाचा रोग पायाखालच्या पेडलला खाली धरून ठेवत नाही." त्यांनी चष्मा शोधला. "गाडी कुठाय?"

"घरी. किल्ली बाबांकडे आहे."

२

निरीक्षकाच्या कार्यालयात खुर्च्या कमी आणि सूचनाफलक भरपूर होते. बाई उभ्याच राहिल्या. निरीक्षक बसूनच राहिला.

"आजी, तुम्ही नातेवाईक का?"

"मी तिची रुग्ण. पेडल दाबलंत तेव्हा इंजिन किती वेळ चालू होतं?"

"इंजिन चालू नव्हतंच. गॅरेजवाल्यानं गाडी दोरीनं ओढून आणली होती."

"म्हणजे थंड लोखंड तपासलंत."

"क्लच थंड असो, गरम असो, क्लचच असतो ना?" तो हसला. "मी स्वतः दाबून बघितला. जरा जड आहे. जुन्या गाड्यांचं चालायचंच."

"कितव्यांदा दाबल्यावर जरा जड वाटला?"

"अहो, एकदाच दाबला. दिवसाला चाळीस गाड्या असतात. व्यायाम करायला बसलोय का इथे?"

"आणि गुडघा? तोही दाबून बघितलात?"

हसणे आवरले गेले. त्याने खण उघडून एक कागद काढला. या कागदाने आपली बाजू भक्कम होईल असे त्याला मनापासून वाटत होते. "पत्र आलं होतं. निनावी आहे, पण माहितीपूर्ण आहे."

माहितीपूर्ण पत्र दोन ओळींचे होते आणि छापलेले होते. *सदर महिलेच्या डाव्या गुडघ्यावर अकरा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली आहे. तिला क्लच झेपत नाही, हे कृपया तपासणीवेळी लक्षात घ्यावे, आणि तिच्यावर फार कठोर कारवाई होऊ नये ही विनंती.*

बाईंनी ते दोनदा वाचले. कागदपत्रांच्या अभ्यासकाला शाईपेक्षा सूर जास्त सांगतो. निनावी पत्रे त्यांनी शाळेत पुष्कळ पाहिली होती. त्यात शिव्या असत, धमक्या असत, हेव्याचा उकळता वास असे. 'कृपया' कुणी लिहीत नसे. हे पत्र लिहिणाऱ्याला ती बाई गाडीतून उतरायला हवी होती, आणि तिला ओरखडाही उठायला नको होता.

"मूळ प्रत मला द्या."

"ती कशी देणार?"

"मग शुक्रवारी तुम्हीच आणा. आणि अहवालातलं तिसरं वाक्य या पत्रातून उतरवलंय, तेही समितीला सांगायला विसरू नका."

३

आरोग्यकेंद्रात एक धाकटी परिचारिका होती. बढतीच्या यादीत तिचे नाव दुसरे होते. पहिली अपात्र ठरली तर चार तासांवरची जागा आणि दोन खोल्या तिला मिळणार होत्या. अपघाताच्या वेळी औषधांची पेटी मांडीवर घेऊन ती शेजारच्याच आसनावर बसलेली होती. हेतू, संधी आणि हजेरी या तिन्ही गोष्टी इतक्या सोयीने एका माणसापाशी जमल्या की विचारी माणसाने आधी सावध व्हावे.

"हो, हवीय मला ती जागा," ती बाईंना म्हणाली. "का नको असावी? घरी सासू, दोन नणंदा, आणि न्हाणीघर एक. पण ताईंच्या गाडीला मी हात नाही लावला."

"लावलास असं कोण म्हणालं? तू काय बघितलंस ते विचारतेय."

मुलगी कापसाचे बोळे करत होती. बोळे लहान लहान होत गेले.

"ताईंचा गुडघा वर आला होता. पेडल खालीच होतं. मी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही." मग खालच्या आवाजात: "आणि आपणहून सांगायला जावं असं मलाही वाटलं नाही. आता तुम्ही विचारलंत. शुक्रवारी सांगेन. गेली जागा तर गेली."

"जड कधीपासून होतं?"

"चार-साडेचार महिने. आधी थोडं, मग वाढत गेलं. पण रोज सकाळी निघताना बरं असायचं. दुपारी परत फिरलो की ताई उजव्या हातानं गुडघा दाबायच्या, तेव्हा कुठे गिअर पडायचा. मी चिडवायचे, ताई, गाडी चालवताय की घाणा? एकदा पावसात अर्धा तास थांबलो, तर परत हलकं झालं. मला वाटलं, ताईंना विश्रांती मिळाली."

"विश्रांती गाडीला मिळाली," बाई म्हणाल्या. "आणि इथे गाडी कुठे उभी असायची?"

"मामांच्या खिडकीसमोर. त्यांच्यासमोर कुणी टायरला पाय लावून दाखवावा."

बाईंनी बोटांवर हिशेब केला. बढतीचा आदेश पाच महिन्यांपूर्वी आला. पेडल साडेचार महिन्यांपूर्वी जड होऊ लागले. गरम झाले की अडते, थंड झाले की सुटते. आणि गाडी दिवसा मामांच्या नजरेखाली.

उरले घर.

४

घर दुसऱ्या मजल्यावर होते. बाईंनी दार ढकलले तेव्हा आत कुठेतरी घंटा वाजली.

"घाबरू नका," परिचारिका म्हणाली. "दार उघडलं की बाबांच्या खोलीत वाजते. सुरक्षेसाठी."

वडील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. निवृत्तीनंतर त्यांनी सारे कौशल्य या चार खोल्यांवर खर्च केले होते. त्यांच्या पलंगाशी एक पाटी होती, तिच्यावर सहा बटणे: स्वयंपाकघर, न्हाणीघर, मधली खोली, मुलीची खोली, गच्ची, दार. बटण दाबले की त्या जागी घंटा वाजे. टेलिफोन आधी त्यांच्याकडे वाजत असे. त्यांनी खटका फिरवला तरच तो मुलीच्या खोलीत जाई. भिंतींवरून तारांचे जुडगे छताच्या कडेने इतके सरळ गेले होते की शाळेतल्या कुठल्याही विद्यार्थ्याला बाईंनी तेवढे गुण दिले नसते. दर चार बोटांवर जुडग्याला तांब्याच्या बारीक तारेची बांधणी होती.

"सुरेख काम," बाई म्हणाल्या, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या. "बांधणीची टोकं कुठे गेली?"

म्हातारा खुलला. "आत वळवलेली. एक्स्चेंजमध्ये पाटीमागे न बघता हात घालावा लागतो हो. टोक बाहेर राहिलं तर पुढच्या माणसाचा हात फाटतो. चाळीस वर्षांत माझ्या कामावर कुणाला ओरखडा नाही आला." मग मुलीकडे वळून: "बाळ, बाईंना पाणी दिलंस का?"

ती उठली. ती स्वयंपाकघरात पोहोचते न पोहोचते तोच त्यांनी बटण दाबले. तिथे घंटा वाजली.

"गाळलेलं दे," ते मोठ्याने म्हणाले. हाक ऐकू जाईल इतक्याच अंतरावर ती उभी होती.

बाईंनी गाडीचा विषय काढला. म्हाताऱ्याने मान हलवली. "काय बघणार तिच्यात? मीच घेऊन दिली, दोन वर्षांपूर्वी. चांगली गाडी आहे. पोरीचा पाय राहिला नाही. मी तिला सांगतो, यात कमीपणा कसला? धुलाईखातं काय वाईट आहे? पाचला घरी."

"किल्ली मिळेल?"

"न्या की. फक्त इंजिन चालू करू नका. अपघाताची गाडी आहे, धोका नको."

किल्ली त्यांच्या उशीखाली होती. ती देताना त्यांनी आधी मुलीकडे पाहिले, मग दाराकडे, आणि बाई बाहेर पडल्या तेव्हा मागे घंटा पुन्हा वाजली. जिन्यात परिचारिका त्यांच्यासोबत दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"मी नाही येत खाली. दार किती वेळ उघडं राहिलं ते त्यांना कळतं."

"मग कळू दे," बाई म्हणाल्या. "येताना तुझी पिशवी आण. बाळं तोलायचा काटा असेल तिच्यात, आणि घसा बघायचा आरसा."

५

गाडी दोरीने ओढून गॅरेजात आणली, तेव्हा मिस्त्री आधीच चिडलेला होता. "बाई, माझ्यावर नाव आलं तर मी ऐकून घेणार नाही. आठ महिन्यांपूर्वी क्लचची केबल मी बदलली. नवीकोरी."

"आणि तपासणीला ओढून कुणाच्या सांगण्यावरून नेलीस?"

"यांच्या बाबांच्या. इंजिन चालू करू नकोस म्हणाले. मी म्हटलं, गाडी चालते की हो, ओढायची कशाला? तर म्हणाले, पैसे मी देतोय ना?"

परिचारिका गाडीच्या दाराशी उभी होती.

मिस्त्रीने पेडलखालचे रबरी बूच काढले, भोकातून दोरी खाली सोडली, आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरून दोरीला बाळे तोलायचा काटा अडकवला. इंजिन थंड. त्याने ओढले. पेडल खाली गेले तेव्हा काटा पंधरावर होता. निरीक्षकाचा 'किंचित' हा शब्द पंधरा किलोंचा होता. मग त्याने इंजिन सुरू केले आणि सगळे चाळीस मिनिटे थांबले. दुसऱ्यांदा ओढले तेव्हा काटा पंचवीसला जाऊन अडकला. पेडल अजून अर्ध्यावरच होते. बाळांसाठी केलेल्या काट्यावर त्यापुढे आकडे नव्हते.

"सोड आता," बाई म्हणाल्या.

दोरी सैल झाली. पेडल तिथेच राहिले. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. मग ते खाटकन वर आले.

परिचारिकेने तोंडावर हात धरला. चार महिने तिला तिच्या पायाविषयी जे सांगितले गेले होते, ते एका रिकाम्या आसनापुढच्या पेडलने खोटे पाडले होते.

पुढचे काम सोपे होते. मिस्त्रीने केबल गिअरबॉक्सच्या टोकाला सोडवली. तिथला दांडा हाताने दाबला, तो नेहमीसारखा हलला. म्हणजे क्लच ठीक. पण पेडल सुटी केबल ओढतानाही जडच होते. मग त्याने केबल पेडलच्या टोकालाही सोडवली. पेडल झोपाळ्यासारखे हलू लागले. म्हणजे पेडलही ठीक. दुखणे मधल्या दोन हातांच्या केबलमध्ये होते.

"पण केबल नवी आहे हो," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज आता चिडका नव्हता, घाबरा होता.

बाईंनी घसा बघायचा आरसा इंजिनामागच्या अंधारात सरकवला आणि बॅटरीचा झोत टाकला. केबल जिथून जायला हवी होती तिथून जात नव्हती. ती वाकवून धूर सोडणाऱ्या नळीला जवळजवळ टेकवलेली होती आणि नळीवरच्या पत्र्याला बांधलेली होती.

"केबलच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं," मिस्त्री हळूच म्हणाला. "नळी तापली की ते मऊ पडून आतल्या तारेला धरतं. थंड झालं की सोडतं. रोज थोडं थोडं जळत जाणार. पण मी इथून नाही नेली, आईशप्पथ. मी रबरी पकडीत बसवली होती, त्या बाजूला."

"शपथ कशाला घेतोस? केबलच सांगतेय." बाईंनी बोट ठेवले. काळ्या मळकट वेष्टणावर बोटभर रुंदीचा एक उजळ वेढा होता. "पकड इथे काही महिने बसलेली होती, म्हणून इथे मळ कमी. तू बसवलीस. नंतर कुणीतरी काढली."

मिस्त्रीने खाली बसून घाम पुसला. मग नळी निवल्यावर आत हात घालून बांधणी चाचपली. "बाई, गंमत बघा. इतक्या अडचणीच्या जागी हात घातला तर ओरखडे निघतात. मला काही लागलं नाही."

पत्र्याचा तुकडा, केबल आणि बांधणी त्याने एकत्रच कापून बाहेर काढली आणि फडक्यावर ठेवली. तांब्याची बारीक तार. दर वेढ्याला एक अडकवण.

परिचारिका वाकली. तिने एका बोटाने बांधणीच्या कडेवरून हात फिरवला, लहान मुलाच्या अंगावर पुरळ आहे का हे बघतात तसा. मग पिशवीतून जाळीच्या कापडाची गुंडाळी काढली, ते सारे त्यात गुंडाळले, वर कागद लावला आणि चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद केले.

"शुक्रवारी मी आणते," ती म्हणाली. "तोवर कुणी उघडू नका."

"कुणाचं काम ते कळलं?" मिस्त्रीने विचारले.

बाईंनी मिस्त्रीला डोळ्यांनी गप्प केले.

नवी केबल तासाभरात बसली, नव्या पकडीत, नळीपासून हातभर दूर. काटा दहावर थांबला. परिचारिका आसनावर बसली आणि सवयीने सगळा जोर लावून पेडल दाबले. पाय धाडकन तळाला आपटला. तिने पुन्हा दाबले. पुन्हा. बाहेर उभ्या असलेल्या दोघांना ती रडते आहे की मोजते आहे हे कळेना.

"पाय दुखतोय का?" बाईंनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "काहीच दुखत नाहीये. बाई, मला घरी जायची भीती वाटतेय."

"मग माझ्याकडे चल. माझी पट्टी अर्धी राहिलीय."

६

समितीत तीन माणसे होती. अध्यक्षांसमोर अहवाल आणि निनावी पत्र होते, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला परिचारिकेसमोर कागदात बंद केलेली पुडी होती. भिंतीशी खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे बाई, धाकटी परिचारिका, मिस्त्री, निरीक्षक, आणि मुलीला आधार द्यायला आलेले वडील बसले होते. तीन दिवस ती घरी गेली नव्हती. त्यांनी तिच्यासाठी एक शाल आणली होती.

धाकटीने जे पाहिले ते सांगितले. आपली जागा आपल्याच तोंडाने घालवायला तिला दोन मिनिटे लागली. मिस्त्रीने पंधरा, पंचवीस आणि दहा हे आकडे सांगितले. निरीक्षकाने छताच्या पंख्याचा अभ्यास केला.

संस्थांना आपली चूक कळली की त्या ती दुरुस्त करण्यापेक्षा दुसऱ्याला देऊन टाकतात. अध्यक्षांनी लागलीच चष्मा मिस्त्रीकडे वळवला. "म्हणजे केबल चुकीच्या जागी बांधली गेली. केबल कुणी बसवली? तुम्ही. मग प्रश्न मिटला. तुमचा गॅरेजचा परवाना आम्हाला बघावा लागेल."

"साहेब, मी—"

"त्याचंच असेल," भिंतीपासून वडील सौम्यपणे म्हणाले. "हल्लीची मुलं घाई करतात. पण माझ्या पोरीचा पायही नाजूकच आहे हो. तिला घरी जाऊ द्या."

परिचारिकेने मान खाली घातली. तिचे दोन्ही हात पुडीवर होते.

फूटपट्टीबाई उठल्या. "अध्यक्ष महाराज, मिस्त्रीचंच काम असणार. मी चौतीस वर्षं हाताची कामं तपासली आहेत. असलं गबाळं काम मी पाहिलं नव्हतं. कुठलीतरी भंगार तार, कशीतरी गुंडाळलेली, टोकं तशीच बाहेर सोडलेली. हात घालणाऱ्याचं बोट कापलं असतं."

"बाहेर नाहीत," वडील म्हणाले.

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारले.

"टोकं बाहेर सोडलेली नाहीत. आत वळवलेली आहेत. तुम्ही नीट बघितलं नाहीत."

"मी बघितलं आहे," बाई म्हणाल्या. "मिस्त्रीनं बघितलं आहे. हिनं बघितलं आहे. पुडी मंगळवारी हिनं स्वतः बंद केली आणि ती अजून कुणी उघडलेली नाही. तुम्ही कुठे बघितलंत?"

आपण काय केले ते म्हाताऱ्याला उमगायला वेळ लागला; त्याला अजूनही वाटत होते की चर्चा कामाच्या दर्जाविषयी चालली आहे.

परिचारिकेने चिकटपट्टी सोडली. कागद, मग जाळीचे कापड. तांब्याची बांधणी टेबलावर आली. तिच्या चारही टोकांपैकी एकही बाहेर नव्हते.

"मी पाच वर्षांची असताना," ती अध्यक्षांना म्हणाली, कुणाकडेही न बघता, "ही बांधणी मला यांनी शिकवली. गाडी आमच्या बंद फाटकात असायची. किल्ली यांच्या उशीखाली. बढतीचा आदेश मी घरी फक्त यांना वाचून दाखवला होता. आणि माझ्या शस्त्रक्रियेला अकरा वर्षं झाली, हे केंद्रात कुणालाच माहीत नाही. ते पत्र मी परवा बाईंकडून पहिल्यांदा ऐकलं. 'कृपया' ऐकल्यावरच मला कळलं." मग तिने मान वर केली. "बाबा, मिस्त्रींना घरी जाऊ द्या. त्यांनी काही केलेलं नाही."

अध्यक्षांनी कारकुनाला खूण केली. वडील उभे राहिले. शाल त्यांनी खुर्चीवर नीट घडी करून ठेवली. त्यांनी जे सांगितले ते कारकुनाने एक शब्दही न बदलता उतरवून घेतले, आणि ते असे:

"तार मीच बांधली. आदेश आला त्यानंतर दोन आठवड्यांनी. पत्रही मीच लिहिलं. गाडी मोडावी असं माझ्या मनात नव्हतं, गाडी मीच तिला घेऊन दिली होती. फक्त तिचं तिनंच म्हणावं की आता होत नाही, एवढंच हवं होतं. संध्याकाळी घरी आली की म्हणायची, बाबा, पाय भरून आलाय. मग मी तेल कोमट करायचो आणि तिचा गुडघा चोळून द्यायचो. तास-तासभर बसायची माझ्यासमोर, कुठे जायची घाई नाही. तिची आई गेल्यापासून तसं कुणी बसलं नव्हतं. तार काढून टाकावी असं दोनदा मनात आलं, पण मग तिचा पाय बरा झाला असता. रखवालदारांना लागलं ते वाईट झालं, त्यांची मी माफी मागतो. ते व्हायला नको होतं. लागायचंच होतं तर तिला लागलं असतं तरी चाललं असतं. मी होतो ना तिचं करायला."